कानोसाकाकूंचं यंत्र

चौथ्या मजल्यावरच्या काकूंनी गॅलरीत शेजाऱ्यांची भांडणं चोरून टिपून घेणारं यंत्र बसवलंय, आणि ती भांडणं कोर्टात वाजवून दाखवून त्या निम्मी इमारत रिकामी करून घेणार आहेत, ही बातमी सकाळी वरची टाकी भरायच्या आत तळमजल्यावर पोचली होती. बातमीत खरं एवढंच होतं की गॅलरी होती आणि यंत्र होतं. तीन पायांच्या घोडीवर उभं, डोक्याला काळ्या स्पंजाचा गोंडा. लांबून बघितलं तर एखादा बारीक पाहुणा कान देऊन उभा आहे असं वाटायचं. पण ते शब्द टिपत नव्हतं. आवाज किती मोठा, तेवढा आकडा लिहायचं आणि गप्प बसायचं. कुत्रं भुंकलं की नवरा, हेसुद्धा त्याला कळत नव्हतं.

हे काकूंनी सांगितलंही. दुसऱ्या मजल्यावरच्या शिवणवाल्या वहिनींना जिन्यात गाठून सांगितलं, "अहो, ते नुसतं मोजतं. ऐकत नाही."

"हो का," वहिनी म्हणाल्या, आणि हातातली पिशवी छातीशी धरून यंत्राला ऐकू जाणार नाही अशा बेताने खाली उतरल्या. वहिनींचं आणि त्यांच्या बस चालवणाऱ्या नवऱ्याचं भांडण म्हणजे इमारतीचं घड्याळ होतं. ते सुरू झालं की लोक चहा ठेवायचे. कोर्टात वाजवण्यासारखं काही असलंच तर ते त्यांच्याच घरात होतं, त्यामुळे बातमीला पायही त्यांनीच फोडले होते.

त्या दिवसापासून काकूंचं नाव पडलं कानोसाकाकू. तोंडावर नुसतं काकू. पाठ फिरली की कानोसा.

काकूंचं काम लोकांना समजावून सांगणं अवघड नव्हतं, लोकांना ते समजून घ्यायचं नव्हतं इतकंच. कुणाला कारखाना, पूल, गोदाम असं काही मोठं बांधायचं असलं की आजूबाजूच्या हवेचं, पाण्याचं, झाडांचं, माणसांचं काय होईल याचा अहवाल आधी सरकारात द्यावा लागतो. तो अहवाल तयार करणाऱ्या कचेरीत काकूंकडे आवाज होता. आज इथे आवाज किती, बांधकाम झाल्यावर किती होईल, आणि मधला फरक माणसाला सोसेल का. फरक थोडा तर 'नगण्य', बऱ्यापैकी तर 'मध्यम', फार तर 'तीव्र'. अहवालाचे पैसे बांधणाराच देतो, त्यामुळे कचेरीत पहिल्या शब्दाची चलती होती. काकूंनी तो आयुष्यात इतक्या वेळा लिहिला होता की भाजीत मीठ कसं झालंय असं कुणी विचारलं तरी त्यांच्या तोंडून "नगण्य" निघायचं.

या वेळी मात्र मोजायचं होतं ते त्यांच्याच दारात. इमारतीच्या समोर बंद पडलेला बर्फाचा कारखाना होता. तो पाडून तिथे मोठं गोदाम व्हायचं होतं. माल रात्री यायचा, रात्रीच जायचा, ट्रकांची रांग गल्लीच्या तोंडापासून.

"माझ्याच गॅलरीतून मोजायचं?" काकूंनी कचेरीत मुख्यांना विचारलं. "बरं दिसत नाही ते."

"समोरचं सगळ्यात जवळचं घर तुमचंच. रस्त्यावर यंत्र ठेवलं तर राखायला माणूस लागतो," मुख्य म्हणाले. "आणि काकू, तुम्हाला काय अडचण? गोदाम होऊ देत. तुमच्या इमारतीला लिफ्ट मिळतेय ना?"

ती खरी मेख होती. गोदाम मंजूर झालं तर इमारतीला लिफ्ट बसवून द्यायचं गोदामवाल्या कंपनीने कबूल केलं होतं. चार मजल्यांची इमारत, लिफ्ट कधी नव्हतीच. समितीचे अध्यक्षसाहेब तिसऱ्या मजल्यावर राहायचे आणि जिना चढताना प्रत्येक वळणावर थांबून इमारतीच्या बांधकामावर टीका करायचे, म्हणजे दम लागलाय हे कुणाला कळू नये. लिफ्टचं आश्वासन त्यांनीच मिळवलं होतं. पण लिफ्टची सगळ्यात जास्त गरज होती काकूंच्याच घरात. सासूबाईंचे गुडघे गेल्यापासून त्या चौथ्या मजल्यावरून खाली उतरल्या नव्हत्या. मुलगा, म्हणजे काकूंचा नवरा, जहाजावर. घरी यायचा तो पाहुण्यासारखा. सासूबाईंचं जग म्हणजे पलंग, स्वयंपाकघराचं दार आणि गॅलरी. लिफ्ट येणार म्हटल्यावर त्यांनी पलंगाखालून आपल्या बाहेरच्या चपला काढायला लावल्या, ओल्या फडक्याने पुसल्या आणि दाराशी जोडीने मांडून ठेवल्या. तेव्हापासून त्या तिथेच होत्या. काकू रोज कामावर जाताना त्या ओलांडून जायच्या.

सासूबाईंची आणखी एक गोष्ट गेली होती, ती म्हणजे ऐकू येणं. आवाज मोजणाऱ्या बाईच्या घरात ठार बहिरी सासू, हा विनोद इमारतीने करून करून गुळगुळीत केला होता.

तर यंत्र बसलं आणि इमारत कुजबुजू लागली.

असं कुजबुजणं कुणी पाहिलं नसेल. शिवणवाल्या वहिनी आणि त्यांचा नवरा भांडायचे, पण नळ सोडून, नळाच्या आवाजात, एकमेकांच्या कानाशी तोंड नेऊन. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, काय प्रेम आहे! कडी लावताना लोक तिच्यावर हात धरायचे. अध्यक्षसाहेब टॉवेलात खोकायचे. पोरांना रागवायचं तर खुणांनी, आणि खुणा एवढ्या भयंकर असायच्या की पोरं आधीपेक्षा जास्त घाबरायची. रेडिओ बंद, मिक्सर बंद. एका घरात तर चटणी पाट्यावर वाटली, तीही हळूहळू, वाटणाऱ्या बाईच्या तोंडून शिवी निघता निघता राहिली.

त्या सगळ्या शांततेत एकच आवाज. "काय गं, सगळे मेले की काय?" सासूबाई गॅलरीतून विचारायच्या, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं. त्यांना बातमी ऐकूच आली नव्हती.

काकूंना हे कळत नव्हतं असं नाही. कळत होतं आणि कळून घ्यायचं नव्हतं. लग्न होऊन या घरात आल्यापासून पहिल्यांदा त्यांना दुपारी गॅलरीत बसून स्वतःच्या चहाचा घोट ऐकू येत होता. एक बाई खोटं पसरवते, तिच्यामुळे इमारत गप्प बसते, आणि आपण सांगूनही कुणी मानत नाही, तर आपण काय करणार? अशी स्वतःची समजूत घालत त्यांनी बिस्किट बुडवलं.

आकडे हातात आले तेव्हा समजूत संपली. अशी शांत वस्ती काकूंनी नोकरीत मोजली नव्हती. आणि हिशेब तर सरळ होता. आधीची शांतता जितकी जास्त, तितका ट्रकांचा फरक मोठा. काकूंनी मुख्यांना नुसतं इतकंच सांगितलं, की आकडे फार खाली आलेत, थोडं थांबा. मुख्यांनी कंपनीच्या माणसाला सांगितलं, त्याने अध्यक्षसाहेबांना सांगितलं, आणि संध्याकाळी अध्यक्षसाहेब कुठल्याही वळणावर न थांबता चौथ्या मजल्यावर आले, यावरून प्रकरण किती गंभीर होतं ते समजावं.

"आपली इमारत स्मशानासारखी शांत निघाली म्हणे!" ते दारातच ओरडले. "लिफ्ट अडचणीत आहे म्हणे!"

"आत तर या."

"आत काय या? काकू, अहो, आम्ही सगळे तुमच्या त्या गोंड्याला घाबरून आठवडाभर जीव मुठीत धरून बोलतोय! माझा खोकला छातीत बसला! आणि तुम्ही तेच लिहून द्यायला निघालात?"

"मी सांगितलं होतं, ते ऐकत नाही."

"सांगितलं होतं! ज्यांच्या घरात सासूला ऐकू येत नाही त्यांचं कोण ऐकणार?"

"काय म्हणतायत?" सासूबाईंनी पलंगावरून विचारलं.

"लिफ्ट!" अध्यक्ष ओरडले. "तुमची सून तुमची लिफ्ट घालवतेय!"

हे मात्र सासूबाईंना पहिल्या झटक्यात ऐकू आलं. त्यांनी सुनेकडे पाहिलं, मग दाराकडे, चपलांकडे. "माझी लिफ्ट खाल्लीस?" त्या म्हणाल्या. त्या रात्री त्यांनी जेवणाचं ताट भिंतीकडे तोंड करून संपवलं. संपवलं मात्र सगळं.

काकूंनी दुसऱ्या दिवशी ती मोजणी रद्द केली. कुणाच्या भीतीने नव्हे. कुजबुजणाऱ्या इमारतीचा आकडा हा खोटा आकडा, आणि तो आपल्या गॅलरीतल्या चहाला सोयीचा होता हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. पुन्हा मोजायचं ठरलं. ही गोष्ट त्यांनी अध्यक्षांना सांगितली, आणि ती त्यांची चूक झाली. तासाभरात जिन्याच्या तोंडाशी खडूने लिहिलं गेलं: 'यंत्र पुन्हा चालू. सर्वांनी सहकार्य करावे.'

सहकार्य असं झालं की पारव्यांनी छप्पर सोडलं. शिवणवाल्या वहिनींनी नळ बंद करून भांडण गॅलरीत आणलं आणि वर्षभराचं उरलेलं एका सकाळीत काढलं. बसवाल्याने बायकोला उत्तर म्हणून बसचा जुना भोंगा घरी आणला आणि उत्तर दिलं. पातेली वाजली, मिक्सर रिकामे फिरले. एका घरात तर भिंतीत खिळा ठोकायला घेतला, तसबीर नव्हती, नुसता खिळा, आणि ठोकून झाला की उपटून पुन्हा ठोकला. अध्यक्षसाहेब जिन्यात उभे राहून मोकळ्या छातीने खोकत होते. दर थोड्या वेळाने वर बघून विचारत होते, "पोचतोय ना, काकू?"

"पोचतोय," काकू वरून म्हणाल्या. "माझ्या सासरच्या सगळ्या पिढ्यांना पोचतोय. आता पुरे करा, ही मोजणीपण रद्द."

"का? आता का?"

"कारण तुम्ही रोज असे जगत नाही. जगत असता तर मी केव्हाच घर विकून गेले असते."

खालून जी शिवी ऐकू आली ती कुणाची ते कळलं नाही. यंत्राने नुसता आकडा लिहिला.

आता काकूंपुढे प्रश्न होता. यंत्र दिसलं की इमारत एक तर मुकी होते नाही तर वेडी. मग काकूंनी एक गोष्ट केली. यंत्राची रिकामी पेटी भरलेली असल्यासारखी दोन हातांनी तोलून धरत त्या जिन्याने खाली उतरल्या. प्रत्येक दाराशी थांबल्या. "नेतेय हो परत कचेरीत. नाद सोडला." शिवणवाल्या वहिनींनी दार थोडं उघडून पेटी डोळ्यांनी चाचपली आणि पुन्हा लावून घेतलं. यंत्र गॅलरीतच होतं, सासूबाईंच्या कोरफडीच्या कुंडीमागे, उपड्या टोपलीखाली, गोंडा टोपलीच्या भोकातून बाहेर. म्हणजे अफवेतलं 'चोरून' आता कुठे खरं झालं. काकूंनी खरोखरच लपवून ठेवलं होतं. टोपली हलवू नका असं सासूबाईंना खुणेने सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मला काय सांगतेस? मी लिफ्टवाल्यांच्या बाजूची आहे." पण टोपली हलवली नाही त्यांनी. कोरफडीला पाणीसुद्धा दुसऱ्या बाजूने घातलं.

इमारत आपल्या वळणावर आली. भांडणं वेळेवर सुरू झाली, वेळेवर संपली. पोरं जिन्यात पडली, रडली. आणि आकडे आले ते पहिल्या दोन मोजण्यांच्या कुठेतरी मधले. दिवसा ही इमारत स्वतःच एवढी गोंगाट करत होती की समोर गोदामच काय, रेल्वे आणून ठेवली असती तरी फरक पडला नसता. दिवसापुढे काकूंनी आपला जुना शब्द लिहिला, 'नगण्य'. पण रात्री? रात्री दोघा नवराबायकोंचं भांडणसुद्धा दमून झोपायचं. अध्यक्षांचा खोकला तेवढा मधूनच. त्या शांततेत ट्रकांची रांग, मागे घेतानाचा भोंगा, फळ्या आपटणं. काकूंनी पेन उचललं, खाली ठेवलं. दाराशी चपला दिसत होत्या. मग लिहिलं: 'रात्री तीव्र. रात्रीची वाहतूक नसावी.'

मुख्यांनी वाचलं आणि चष्मा काढला. "रात्रीची वाहतूक नाही तर गोदामच नाही, काकू. 'मध्यम' करा. उपाय म्हणून झाडं लिहू. चार झाडं."

"ट्रक झाडाला विचारून भोंगा वाजवणार आहे का?"

"तुमच्या सासूबाईंची लिफ्ट आहे ना यात?"

"आहे. म्हणून तर सगळे माझ्याकडे बघतायत."

मुख्यांनी शब्द बदलला नाही, कारण खाली सही काकूंची लागायची आणि काकूंनी पेन पर्समध्ये टाकून चेन लावली होती. पण त्या महिन्यात काकूंना दुसरं काम मिळालं नाही.

इमारतीत काय मिळालं ते विचारू नका. अहवाल सुनावणीआधी लोकांना बघायला ठेवतात, तो अध्यक्षांनी बघितला आणि जिन्यात मोठ्याने वाचून दाखवला. टोपलीसकट सगळं बाहेर आलं. शिवणवाल्या वहिनींनी काकूंचं शिवायला दिलेलं कापड न शिवता दारावर अडकवून ठेवलं, टाचण्यांसकट. दारासमोर कचरा यायला लागला, तोही निवडलेला, वास येईल असा. बेल वाजायची आणि बाहेर कुणी नसायचं. बसवाला जिन्यात समोर आला की काकूंना आधी जाऊ द्यायचा, अगदी भिंतीला पाठ लावून, जणू त्यांचा संसर्ग होईल. काकूही काही कमी नव्हत्या. कचऱ्यातलं ज्याचं त्याचं ओळखून, पिशव्या भरून, ज्याच्या त्याच्या दारात परत ठेवून यायच्या. "तुमची केळीची सालं राहिली होती," असं म्हणून.

आणि घरात सासूबाई. त्यांनी सुनेशी बोलणं टाकलं होतं. जहाजावरून मुलाचा फोन आला की त्या फोनमध्ये ओरडायच्या, "तुझ्या बायकोने मला वर कोंडलंय!" पलीकडून तो काय म्हणाला हे त्यांना ऐकू यायचं नाही, म्हणून तो आपल्याच बाजूने बोलला असं त्या धरून चालायच्या.

सुनावणी शाळेच्या हॉलमध्ये होती. टेबलामागे एक अधिकारीणबाई, बाजूला कंपनीची माणसं, समोर सगळी इमारत. काकू सकाळीच आपले कागद घेऊन निघाल्या होत्या. अधिकारीणबाईंनी काकूंच्या भागाबद्दल विचारायला सुरुवात केली तेवढ्यात दारात गडबड झाली.

चार माणसं खुर्ची उचलून आत येत होती. अध्यक्षसाहेबांच्या घरातली हातांची खुर्ची. पुढे अध्यक्ष आणि बसवाला, मागे दोन भाडेकरू, चौघेही घामाने निथळलेले. खुर्चीत सासूबाई. ताठ बसलेल्या, पायांत त्या पुसलेल्या चपला. डोळे इकडून तिकडे, छताकडे, फळ्याकडे, खिडकीबाहेरच्या रस्त्याकडे. एखाद्या राणीला उशीर झाला असावा तशा.

काकू उभ्याच राहिल्या.

"बघा, मॅडम!" खुर्ची टेकताच अध्यक्ष धापा टाकत म्हणाले. "हा आमचा पुरावा! या माउलीसाठी आम्हाला लिफ्ट हवीय. चार मजले उतरवून आणलंय. वाटेत दोनदा थांबायला लावलं त्यांनी, दुकानातल्या काचा बघायला! आणि ह्या, ह्यांची सून, आमच्या पाठीमागे टोपलीखाली यंत्र लपवून आम्हाला ऐकत होत्या!"

"लपवलं होतं?" अधिकारीणबाईंनी काकूंना विचारलं.

"लपवलं होतं," काकू म्हणाल्या. "दिसलं की ही इमारत एक तर मरते नाही तर दंगल करते. दोन्ही वेळच्या मोजण्या मी फेकून दिल्यात, ते आत लिहिलंय. आणि शब्द ऐकायला मला यंत्र कशाला? ते जिन्यातून फुकट येतात."

मागून कुणीतरी हसलं. शिवणवाल्या वहिनींनी वळून हसणाऱ्याकडे पाहिलं; तो त्यांचाच नवरा होता, आणि संध्याकाळच्या भांडणाची सोय झाली.

अधिकारीणबाई खुर्चीकडे वळल्या. "आजी, तुम्हाला लिफ्ट हवीय का?"

बसवाल्याने ते सासूबाईंच्या कानात ओरडून पोचवलं.

"हवी!" सासूबाई एवढ्या मोठ्याने म्हणाल्या की टेबलावरचा पेला थरथरला. टाळ्या पडल्या.

"आणि रात्री ट्रकांच्या आवाजाचा त्रास होईल असं वाटतं का?"

"मला कसला त्रास? मला ऐकू कुठे येतंय!"

आता तर हॉल कोसळायचा बाकी राहिला. अध्यक्षांनी दोन्ही हात पसरले. "ऐकलंत, मॅडम? ज्यांच्या गॅलरीत यंत्र, त्याच घरातली म्हातारी म्हणतेय त्रास नाही!"

"बाकीच्यांना ऐकू येतं ना?" अधिकारीणबाई म्हणाल्या. मग काकूंना, "तुमच्या भागात काही बदलायचंय?"

"नाही. रात्री ट्रक नकोत."

कंपनीच्या माणसाने फाइल मिटली. मिटण्याचा आवाज फारसा मोठा नव्हता, पण लिफ्ट गेली हे मागच्या रांगेपर्यंत सगळ्यांना कळलं. हॉलमध्ये एकदम शांतता पसरली, पहिल्या मोजणीतल्यासारखी. मग अध्यक्षसाहेब काकूंच्या समोर येऊन उभे राहिले, शर्ट पाठीला चिकटलेला.

"सख्खी सासू आहे तुमची," ते म्हणाले. "लिफ्ट नाही म्हणजे या बाईने काय जन्मभर वरच बसायचं का? सांगा ना सगळ्यांसमोर!"

काकूंनी सासूबाईंच्या चपलांकडे पाहिलं. कडांना रस्त्याची माती लागली होती. दुकानाच्या काचेपाशी त्यांनी पाय टेकले असणार.

"वर कशाला बसतील? आज तुम्ही चौघांनी कुणी न सांगता आणलंत ना खाली. उद्यापासून रोज संध्याकाळी आणा. आणि जिन्यात धापा जरा हळू टाका, मोजायला मीच आहे."